शिक्षा कृतीला की अपघाताला?

मालवण तालुक्यातील तोंडवली गावातून तळाशीलकडे जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या भूमीच्या अरुंदपणाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी, आणि या दोन पाण्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरे, पुळण आणि डांबराची एक सडक. एखादा पर्यटक हौसेने सायकल चालवीत जातो तेव्हा ही सडक पुरेशी वाटते. परंतु याच सडकेवरून पंधरा-सोळा वर्षांच्या चाळीस मुलांची शर्यत भर दुपारी सोडली आहे, अशी कल्पना करावी. शालेय भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे त्या वेळी समुद्रावरून जमिनीकडे वाहू लागलेले असतात. तळाशीलकडे निघालेल्या मुलांना हा वारा उजव्या बाजूने लागतो.

वारा समोरून असेल, तर सायकलपटू एकमेकांच्या मागे सरळ रांग धरतात. तो बाजूने असेल, तर आडोसा पुढच्याच्या बरोबर मागे मिळत नाही. तो मागे आणि किंचित डावीकडे मिळतो. म्हणून सगळा घोळका आपोआप तिरका होतो. पहिला मुलगा रस्त्याच्या उजव्या कडेला, दुसरा त्याच्या डाव्या खांद्यामागे, तिसरा दुसऱ्याच्या डाव्या खांद्यामागे, अशी ती तिरकी रांग रस्ता संपेपर्यंत वाढत जाते. रस्ता अरुंद असल्याने सहा-सात मुलांतच ती भरते. आठव्या मुलाला आडोसा उरत नाही. डांबराच्या डाव्या कडेवर, एका बाजूला मातीचा उतार ठेवून, त्याला एकट्याने वाऱ्याशी झुंजावे लागते. काही मिनिटांत त्याची दमछाक होणार आणि पुढचे निघून जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. मागच्यांना घेऊन दुसरी तिरकी रांग उभी करणे हा एक. त्यासाठी अनुभव लागतो आणि मागच्यांचे सहकार्य लागते. दुसरा मार्ग सोपा आहे. कोपर बाहेर काढायचे आणि पुढच्या रांगेत घुसायचे.

त्याने घुसखोरी केली. सातवा मुलगा डांबरावरून खाली उतरला, चाक वाळूत रुतले, तो पडला आणि त्याच्यावर मागचे दोघे आदळले. एकाचे गळ्याजवळचे हाड मोडले. कोपर मारणाऱ्याने मागे वळूनही पाहिले नाही आणि तो शर्यतीत तिसरा आला. त्याला काय शिक्षा द्यावी? आणि हाच प्रश्न थोडा बदलून विचारला, तर? कोपर तेच, घुसणेही तेच. मात्र सातवा मुलगा कसबी निघाला, त्याने तोल सावरला आणि कोणीच पडले नाही. आता काय शिक्षा द्यावी?

बहुतेकांचे पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'वर्षभराची बंदी' असे असते आणि दुसऱ्याचे 'शर्यतीत असे चालायचेच' असे. तरुणांच्या सायकल शर्यतींतील शिस्तीचा सारा गोंधळ या दोन उत्तरांमधील अंतरात साठलेला आहे.

घोळक्यातील पडझडीचे एक गणित प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. सायकलचा तोल मुख्यतः पुढच्या चाकावर सांभाळला जातो. त्यामुळे मागच्याचे पुढचे चाक जेव्हा पुढच्याच्या मागच्या चाकाला घासते, तेव्हा बहुधा मागचा पडतो; पुढच्याला केवळ एक हिसका जाणवतो. अचानक आडवा जाणारा मुलगा पुढे असतो आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा सुखरूप राहतो. ज्याची चूक, तो निघून जातो. ज्याची चूक नाही, तो रस्त्यावर असतो. शिवाय मागच्याने पुढच्याच्या चाकाशेजारी आपले चाक घुसवून ठेवले असेल, तर दोषाची वाटणी आणखी कठीण होते. चाकाआड चाक घालू नये, हा घोळक्यातला पहिला धडा आहे आणि तिरक्या रांगेत तर तो पाळताच येत नाही. पंच मोटारसायकलवर मागे किंवा पुढे असतात. त्यांना दिसतो तो परिणाम; कृती क्वचितच दिसते. परिणामावरून शिक्षा ठरवण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

हा मोह केवळ गावपातळीवरच्या पंचांना होतो असे नाही. ५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधील काटोविस येथे टूर ऑफ पोलंडच्या पहिल्या टप्प्याच्या अखेरीस नेदरलँड्सचे दोन वेगवान सायकलपटू, डिलन ग्रोनेवेगन आणि फाबिओ याकोब्सन, अंतिम रेषेकडे झेपावत होते. ग्रोनेवेगनने आपली रेषा सोडली आणि याकोब्सनला कठड्यांकडे ढकलले. याकोब्सन कठडे उधळत पलीकडे फेकला गेला. त्याच्या चेहऱ्याला भीषण इजा झाली, बहुतेक सारे दात गेले आणि त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, ग्रोनेवेगनला नऊ महिन्यांसाठी निलंबित केले. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला इतक्या धमक्या आल्या, की पोलिस संरक्षण घ्यावे लागले. याकोब्सन मात्र २०२१च्या एप्रिलमध्ये शर्यतीत परतला आणि त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत तीन टप्पे जिंकून गुणांची हिरवी जर्सीही घेऊन गेला.

आता दुसरी घटना पाहावी. जुलै २०२४ मध्ये टूर द फ्रान्सच्या सहाव्या टप्प्यात दिजाँ येथे बेल्जियमचा यास्पर फिलिप्सन याने स्प्रिंटमध्ये आपली रेषा सोडली आणि वाऊट व्हान आर्टला कठड्याच्या बाजूला दाबले. व्हान आर्टने पाय थांबवले, तो बचावला. फिलिप्सनचा दुसरा क्रमांक काढून घेण्यात आला आणि त्याला त्या घोळक्याच्या तळाशी टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शर्यतीत होता. योगायोग असा, की दिजाँचा तो टप्पा जिंकणारा होता चार वर्षांपूर्वी नऊ महिने घरी बसलेला डिलन ग्रोनेवेगन.

दोन्ही घटना तंतोतंत सारख्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. काटोविसमध्ये वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास होता, कारण शर्यतीचा शेवट उतारावर ठेवलेला होता. परंतु नियमभंगाची जात एकच होती. स्प्रिंट सुरू करताना घेतलेली रेषा सोडून दुसऱ्याला धोक्यात आणू नये, हाच तो नियम. एकाला नऊ महिने आणि दुसऱ्याला एका दिवसाचा क्रमांक, या फरकातला मोठा भाग नशिबाने ठरवला. आणि काटोविसचा तो उतार? तिथे शेवट ठेवू नये, अशी तक्रार सायकलपटू त्याआधीपासून करीत होते. कठडे धक्क्याने विखुरले. उतारावर रेषा आखणाऱ्यांच्या वाट्याला मात्र नऊ महिन्यांची बंदी आली नाही.

घाईने दिलेल्या शिक्षेचे उदाहरणही याच खेळात आहे. ४ जुलै २०१७ रोजी व्हितेल येथे मार्क कॅव्हेंडिश कठड्यावर आदळला, त्याच्या खांद्याचे हाड मोडले आणि पेटर सागान या तेव्हाच्या जगज्जेत्याला त्याच संध्याकाळी टूरमधून बाहेर काढण्यात आले. आरंभी त्याला केवळ गुण व वेळेचा दंड झाला होता. काही तासांत तो हकालपट्टीवर गेला. सागानचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही, असा त्याच्या संघाचा आक्षेप होता. प्रकरण क्रीडा लवादाकडे गेले आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली. ती दुर्दैवी व अजाणता घडलेली घटना होती, हे यूसीआयनेही मान्य केले. तोवर टूर संपून चार महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. चित्रफीत पाहण्यासाठी स्वतंत्र पंच नेमण्याची निकड या प्रकरणाने अधोरेखित केली.

या अनुभवांतून यूसीआयने फुटबॉलच्या धर्तीवर पिवळ्या कार्डाची पद्धत आणली. ऑगस्ट २०२४ पासून ती प्रायोगिक होती. १ जानेवारी २०२५ पासून तिचे परिणाम प्रत्यक्षात लागू झाले. इथे हातात कार्ड दाखवले जात नाही, ते निकालपत्रकात नोंदले जाते. एकाच शर्यतीत दोन कार्डे मिळाली, तर खेळाडू बाद होतो आणि सात दिवस निलंबित होतो. तीस दिवसांत तीन कार्डांना चौदा दिवस, वर्षभरात सहा कार्डांना तीस दिवस. कार्ड केवळ सायकलपटूंनाच मिळते असेही नाही. संघाच्या मोटारी चालवणारे आणि शर्यतीच्या ताफ्यातील इतर मंडळीही तिच्या कक्षेत येतात. या पद्धतीचे मोल तिच्या छोट्या शिक्षेत आहे. कोणी पडले नाही, तरी कार्ड देता येते. ताळेबंद कृतीचा ठेवला जातो, रुग्णालयाच्या नोंदींचा नव्हे.

अठराव्या शतकात इटलीच्या चेझारे बेक्कारिया याने १७६४च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार नेमका हाच होता. शिक्षेचा धाक तिच्या क्रौर्यातून येत नाही, ती चुकणार नाही या खात्रीतून आणि ती त्वरित मिळण्यातून येतो. बेक्कारियासमोर राजे आणि फाशीचे खांब होते. कुमारवयीन सायकलपटूंना त्याचा विचार अधिकच लागू पडावा. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढ यांना मोटार चालवण्याचा एक संगणकीय खेळ खेळायला दिला. कधी एकट्याने, कधी समवयस्कांच्या देखत. प्रौढांच्या जोखीम घेण्यात मित्रांच्या हजेरीने फारसा फरक पडला नाही. किशोरांच्या बाबतीत तो ठळकपणे पडला. सायकल शर्यत म्हणजे तर समवयस्कांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून घेतलेल्या जोखमींची मालिका. अशा वेळी 'पुढच्या वर्षी बंदी येईल' हा विचार त्या मुलाच्या डोक्यात डोकावेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. 'गेल्या रविवारी याच कोपरामुळे तिसऱ्याचा नववा झालो' ही आठवण मात्र डोकावू शकते.

तिसऱ्याचा नववा होणे ही शिक्षा शहरी वाचकाला क्षुल्लक वाटेल. महाराष्ट्रात ती तशी नाही. राज्यात शासकीय नोकऱ्यांमध्ये पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. कोणत्या पातळीच्या स्पर्धेत कितवे स्थान मिळाले, यावर ही पात्रता ठरते. शेतकऱ्याच्या किंवा मच्छीमाराच्या घरातून आलेल्या मुलासाठी तिसरा क्रमांक म्हणजे पोलिस भरतीतील एक पाऊल असू शकते. कोपर बाहेर येते ते अनेकदा यामुळेच. त्याच्यावर खर्च झालेला असतो, घरच्यांनी उधार-उसनवारी केलेली असते आणि वयोगटात दोनच वर्षे हातात असतात. म्हणूनच वर्षभराची बंदी या मुलासाठी प्रौढ व्यावसायिकाच्या नऊ महिन्यांहून जड ठरते. व्यावसायिक परत येतो तेव्हा त्याचा करार त्याची वाट पाहत असतो, दिजाँसारखा एखादा टप्पाही असतो. सोळा वर्षांच्या मुलाचे वर्ष गेले की गट बदलतो, त्याच्यापुढे दोन वर्षांनी मोठी मुले येतात आणि उसनी घेतलेली सायकल परत द्यायची वेळ आलेली असते. आणि हाडे मोडून घरी बसलेल्या सातव्या मुलाचेही तेच वर्ष जाते, हे विसरून चालत नाही. त्याच्या आईवडिलांना 'मुलगा लहान आहे, सोडून द्या' हे ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखेच आहे.

मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघांचा बळी गेला, तेव्हा जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती हे कळताच सारा महाराष्ट्र संतापला. तो गुन्हा आणि हा खेळ यांची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु मुलाला दिलेली शिक्षा पीडिताच्या दुःखापुढे थट्टेसारखी दिसू लागली, तर लोकांचा नियमांवरचा विश्वास उडतो, एवढे त्या प्रसंगाने दाखवले. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ इथे आठवावे. अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. मुलाच्या हाती चावी कोणी दिली, हा प्रश्न कायद्याने विचारला. चाळीस मुलांना त्या अरुंद रस्त्यावर कोणी सोडले, हा प्रश्न शर्यतींचे नियम अजून पुरेशा जोराने विचारीत नाहीत.

महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्या 'घाटाच्या राजा'चे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या होत आले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे परिसरात यूसीआयच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर झाली आणि बंद रस्ते, पंचांचा ताफा, रुग्णवाहिका असा सारा सरंजाम इथल्या लोकांना घरच्या अंगणात पाहायला मिळाला. मुलांच्या स्थानिक शर्यतींत यातले थोडेच असते. रस्ता अर्धाच बंद असतो, समोरून एसटी येते, आणि शेवट बहुधा सत्काराचा मांडव जिथे सोयीचा, तिथे ठेवला जातो. मांडवासमोर गतिरोधक असला, तरी त्याकडे डोळेझाक होते.

प्रगत देशांतही हा भार मुलांवर ढकलला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिचच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटाच्या शर्यतीत अठरा वर्षांची स्विस सायकलपटू म्युरिएल फुरर झाडीतल्या उतारावर पडली आणि बराच वेळ कोणाच्या ध्यानातही आले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. तिथे कोणी कोपर मारल्याचा विषयच नव्हता. त्यानंतर २०२५च्या किगालीच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक सायकलवर जागा दाखवणारे यंत्र बसवले गेले. कनिष्ठ गटासाठी पूर्वी गिअरची मर्यादा असे. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरहून पुढे जाता कामा नये. शर्यतीनंतर सायकल मागे लोटून हे अंतर मोजले जाई. २०२३ पासून यूसीआयने ही मर्यादा उठवली. त्याहून लहान गटांत अनेक देशांनी ती ठेवली आहे आणि ते शहाणपणाचे आहे. पाय कमी वेगाने फिरवून मोठा वेग मिळू लागला, की उतारावर मुलाच्या हाती त्याच्या कौशल्याहून अधिक वेग येतो.

मग तोंडवलीच्या रस्त्यावरच्या त्या कल्पित मुलाचे काय करावे? पंचांनी सर्वप्रथम त्याला बोलवावे, सोबत पालक किंवा प्रशिक्षक असावा, आणि त्याने काय केले हे त्याच्याच तोंडून ऐकावे. जमेल तर पडलेल्या मुलांचे आणि मागून येणाऱ्यांचेही ऐकावे; मुले खोटे बोलतील ही भीती असते, परंतु घोळक्यात कोणी काय केले, हे मुलांइतके कोणालाच ठाऊक नसते. नंतर पाहावे ते कोपर. हात हँडलवरून काढून ढकलले होते, की जागा शोधताना खांदा लागला? पुढे पाहून घुसला, की रागाने? हात काढून ढकलणे ही तोल सावरण्याची धडपड नसते. त्याला शर्यतीतून बाद करण्याशिवाय गत्यंतर नाही आणि पुढच्या एखाद्या शर्यतीलाही त्याने मुकावे. खांद्याने जागा बळकावली असेल, तर ज्या गटासोबत तो पोहोचला, त्या गटात त्याला शेवटचा क्रमांक द्यावा. हाड मोडले असो वा नसो, या दोन्ही शिक्षा बदलू नयेत. बदलावे ते पुढचे काही. हाड मोडले असेल, तर त्या मुलाच्या उपचारांचा खर्च विम्यातून व्हायला हवा आणि तो विमा आयोजकांनी शर्यतीपूर्वी उतरवलेला असायला हवा. ढकलणाऱ्याला पुढच्या शर्यतीच्या रेषेवर उभे करण्यापूर्वी प्रशिक्षकाने मोकळ्या मैदानावर त्याच्याकडून खांद्याला खांदा लावून सायकल चालवण्याचा सराव करून घ्यावा आणि तसे लिहून द्यावे. हिरवळीवर संथ वेगाने एकमेकांना टेकत जाण्याचा हा सराव कोणत्याही शाळेच्या मैदानात होऊ शकतो. पडले तरी गुडघ्याला गवत लागते, इतकेच.

पिवळ्या कार्डांची बेरीज मात्र इथे जशीच्या तशी चालणार नाही. सहा कार्डांसाठी वर्षभर शर्यती लागतात आणि त्यांची एक मध्यवर्ती वही लागते. गावाकडच्या मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी मोजक्याच शर्यती येतात. त्याचे एक कार्ड पुढच्या जिल्ह्यातील पंचांना ठाऊकच नसेल, तर ते कार्ड नव्हे, कागदाचा कपटा. जिल्हा संघटनांनी निकालपत्रकातच ताकीद छापली आणि ते पत्रक राज्य संघटनेकडे गेले, तर एवढ्यानेही काम भागेल. यासाठी पैसा लागत नाही.

आयोजकांच्या वहीतही एक ओळ लिहिली जावी. हीच शर्यत सकाळी लवकर सोडली असती, तर मतलई वारा जमिनीवरून येत असता. तो दुपारच्या खाऱ्या वाऱ्याइतका जोरकस सहसा नसतो आणि तिरकी रांग फारशी झालीच नसती. रस्ता अरुंद होण्यापूर्वी एखादा चढ लावून घोळका पांगवता आला असता किंवा चाळीसऐवजी वीस-वीस मुलांचे दोन गट सोडता आले असते. आठव्या मुलाला आडोसा न मिळणे, हे त्याच्या स्वभावाइतकेच रस्त्याच्या रुंदीने ठरवले होते.

बक्षीस समारंभात पंच उभे राहतात. ज्याचा क्रमांक गेला, त्याचे नाव नव्हे, तर छातीवरचा आकडा आणि नियमभंगाचे कारण एका वाक्यात वाचून दाखवले जाते. तिसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र चौथ्या आलेल्या मुलाच्या हाती जाते.